काउंटीच्या दुसऱ्या संघांना हरवून काय मिळतं? अफगाणिस्तानच्या २००६ च्या दौऱ्याची गोष्ट

३० ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर अफगाणिस्तानने श्रीलंकेला सात गडी राखून हरवलं. त्याआधी त्याच वर्ल्डकपमध्ये दिल्लीत इंग्लंड आणि चेन्नईत पाकिस्तान त्यांच्याकडून हरले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या नववीच्या वर्गात तोच विषय. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, हे लोक एकदम कुठून आले? आयपीएलमुळे ना?"

मी म्हटलं, "एकदम कोणीच येत नाही रे." आणि त्याला २००६ च्या इंग्लंड दौऱ्याबद्दल थोडं सांगितलं. सात सामने, सहा विजय. समोर इंग्लंडचा संघ नव्हता, काउंट्यांचे दुसऱ्या फळीचे संघ होते. तो लगेच म्हणाला, "मग त्यात काय मोठं? बी टीमला तर कोणीपण हरवेल."

घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. पण प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या घरांतही, मुलगा तालुक्याच्या संघातून बाहेरगावी खेळायला गेला की हेच विचारतात. कोणाशी खेळलात? ते कोण? त्यांना हरवून काय मिळालं? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घराबाहेरच जन्मलेला संघ

सोव्हिएत फौजा १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरल्या आणि लाखो माणसं सरहद्द ओलांडून पाकिस्तानात आली. पेशावरच्या आसपास निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. तिथे वाढलेल्या पोरांनी शेजारच्या पोरांचं बघून बॅट हातात घेतली. आज ज्याला आपण अफगाण क्रिकेट म्हणतो ते अशा छावण्यांमध्ये शिकलं गेलं. अफगाणिस्तानच्या क्रिकेट फेडरेशनची स्थापना १९९५ ची. पुढे तालिबानने बऱ्याच खेळांसारखी क्रिकेटवरही बंदी घातली होती, ती २००० मध्ये उठली. २००१ मध्ये आयसीसीने या देशाला संलग्न सदस्य करून घेतलं. सदस्यत्वाची ही तेव्हाची सगळ्यात खालची पायरी.

त्याच वर्षी या संघाला पाकिस्तानच्या देशांतर्गत क्रिकेटच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायला बोलावणं आलं. पहिला खरा दौरा तो हा. दौरा म्हणायचा, पण बऱ्याच खेळाडूंचं बालपण तिथेच गेलेलं. संघ पाकिस्तानात असतानाच अमेरिकेने अफगाणिस्तानवर हल्ला सुरू केला. तारीख होती ७ ऑक्टोबर २००१. जगभरच्या बातमीदारांना अचानक कळलं की ज्या देशावर बॉम्ब पडताहेत त्या देशाची एक क्रिकेट टीमही आहे, आणि ती आत्ता खेळतेय. पाच सामन्यांतले तीन हरले, दोन अनिर्णित राहिले. एकही जिंकला नाही. पाकिस्तानातल्या स्पर्धांमध्ये पहिला विजय मिळायला २००३ साल उजाडलं.

हा संघ मायदेशात कधीच तयार होऊ शकला नसता. तिथे ना धड खेळपट्टी होती, ना स्पर्धा होत्या, ना कोणी पाहुणा संघ तिकडे यायला तयार. ज्याच्या घरात अंगण नाही त्याने शेजारच्या अंगणातच खेळायचं. त्यामुळे दौरा ही या संघासाठी चैन नव्हती, शाळाच ती होती.

मुंबईतला तो सामना

मार्च २००६. मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसीचा एक संघ मुंबईत होता. एमसीसी हा लंडनचा १७८७ सालचा क्लब. क्रिकेटचे नियम आजही त्यांच्याच ताब्यात आहेत. त्या संघात इंग्लंडचा माजी कर्णधार माइक गॅटिंग होता. वय झालेलं, पण नाव मोठं. मुंबईकर त्याला विसरणं शक्य नाही. १९८७ च्या वर्ल्डकपच्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर गूच आणि गॅटिंग यांनी स्वीप मारून मारून आपल्या फिरकी गोलंदाजांना हैराण केलं होतं आणि भारत स्पर्धेबाहेर गेला होता. माझ्या पिढीने ते घरातल्या किंवा शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बघितलंय.

त्याच मुंबईत अफगाणिस्तानने एमसीसीला १७१ धावांनी हरवलं. गॅटिंग भोपळाही न फोडता परतला. मोहम्मद नबी नावाच्या एका तरुणाने शतक ठोकलं. हाच नबी पुढे अफगाणिस्तानचा कर्णधार झाला, आयपीएल खेळला, आणि गहुंजेच्या त्या रात्रीही संघात होता.

आता गंमत बघा. नबीचं हे शतक त्याच्या अधिकृत आकडेवारीत कुठेच सापडत नाही. कारण सामन्याला तसा दर्जाच नव्हता.

क्रिकेटमध्ये सामन्यांची उतरंड असते. सगळ्यात वर कसोटी, एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० हे आंतरराष्ट्रीय सामने. त्याखाली प्रथम श्रेणी, आपल्या रणजीसारखे अनेक दिवसांचे. मग लिस्ट ए, म्हणजे देशांतर्गत मर्यादित षटकांचे अधिकृत सामने. याच्या खाली जे काही खेळलं जातं, मग ते क्लब असो, निमंत्रितांचा संघ असो की काउंटीचा दुसरा संघ, ते खेळाडूच्या नावावर चढत नाही. २०१९ पासून आयसीसीने सगळ्या सदस्य देशांच्या आपसातल्या ट्वेंटी-२० सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, त्यामुळे आजच्या छोट्या देशांचं थोडं तरी रेकॉर्डवर येतं. २००६ मध्ये ती सोय नव्हती. नबीने कागदावर न येणारं शतक काढलं, पण ज्यांनी बघायचं त्यांनी ते बघितलं.

बी टीम म्हणजे नेमकं कोण?

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अफगाण संघ इंग्लंडला गेला. सात सामन्यांतले सहा जिंकले. त्यातले तीन विजय एसेक्स, ग्लॅमॉर्गन आणि लिस्टरशर या काउंट्यांच्या सेकंड इलेव्हनविरुद्धचे होते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अठरा प्रथम श्रेणी काउंट्या आहेत. आपल्याकडे मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ असे रणजी संघ असतात तसं समजा, पण तिथे खेळाडू वर्षाच्या करारावर नोकरीला असल्यासारखे असतात. प्रत्येक काउंटीचा पहिला संघ असतो आणि त्यामागे सेकंड इलेव्हन. या दुसऱ्या संघांची स्वतःची स्पर्धा १९५९ पासून चालू आहे. त्यात कोण खेळतं? करार मिळालेले पण अजून वर न पोहोचलेले अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण. दुखापतीतून बरा होत असलेला एखादा सीनियर. फॉर्म गेला म्हणून खाली पाठवलेला. आणि चाचणीवर बोलावलेली पोरं, ज्यांचं पुढचं सगळं त्या दोन-तीन सामन्यांवर अवलंबून असतं.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला वाटलं तसा हा उरल्यासुरल्यांचा संघ नसतो. तिथे प्रत्येक जण काहीतरी सिद्ध करायला उतरलेला असतो. पाहुण्यांना खूश करायला तिथे कोणी येत नाही.

अर्थात दुसरी बाजूही आहे, ती लपवायला नको. सेकंड इलेव्हन रोज बदलते. आज समोर अनुभवी गोलंदाज असेल, उद्या शाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा. त्यामुळे अशा दौऱ्याच्या निकालावरून फार मोठे अंदाज बांधू नयेत. सातपैकी सहा जिंकले म्हणून अफगाणिस्तान लगेच आशियात पहिलं आलं का? नाही. त्याच वर्षी एसीसी ट्रॉफीमध्ये ते नेपाळला हरवून तिसरे आले. दोन वर्षांपूर्वी सहावे होते. सुधारणा होती, चमत्कार नव्हता.

टेप बॉलपासून ड्यूक्स बॉलपर्यंत

मग या दौऱ्यात मिळालं काय? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट मिळाली ती चेंडूची आणि मातीची ओळख.

पेशावरच्या गल्ल्यांत आणि छावण्यांत खेळ चालायचा तो टेप बॉलवर. टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायची की झाला तयार. आपल्या कोकणात, भिवंडीत, मालेगावात टेनिस बॉलच्या स्पर्धा ज्यांनी खेळल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. या चेंडूवर दोन गोष्टी मस्त शिकता येतात. गोलंदाजाला यॉर्कर, कारण आखूड टाकला की चेंडू सीमापार. आणि फलंदाजाला बेधडक फटका, कारण अंगावर लागला तरी काही होत नाही, आणि सहा-आठ षटकांच्या सामन्यात थांबायला वेळ कोणाला आहे? मनगट मोकळं होतं, नजर तेज होते.

पण चामड्याचा चेंडू ही वेगळीच चीज आहे. त्याला शिवण असते. इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक्स, त्याची शिवण जरा उठावदार आणि चकाकी बराच वेळ टिकणारी. हवा ढगाळ, खेळपट्टीवर ओल, गवताचा हिरवा थर. अशा ठिकाणी चेंडू हवेत वळतो आणि टप्प्यावरही हलतो. टेप बॉलवर घडलेला फलंदाज पहिल्याच षटकात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट घालतो आणि मागे यष्टिरक्षकाकडे झेल देऊन येतो. त्याला सोडायला शिकावं लागतं. सोडणं हा फटक्याइतकाच हुनर आहे, आणि तो नेटमध्ये येत नाही. बाद होऊन, तंबूत बसून, दुसऱ्याला खेळताना बघून येतो. वर पन्नास षटकं उभं राहायचं, दुपारच्या जेवणानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, समोरचा काही बोलला तर गप्प बसायचं. हेही आलंच.

गोलंदाजांचं उलट. ज्यांच्या हातात मुळातच वेग होता त्यांना इंग्लंडची हवा म्हणजे ईदी मिळाल्यासारखी. हमीद हसन हा त्यातला. पुढच्याच वर्षी, जून २००७ मध्ये, एमसीसीने त्याला युरोपीय संघाविरुद्धच्या सामन्यात घेतलं आणि लॉर्ड्सवर उतरलेला तो पहिला अफगाण क्रिकेटपटू ठरला. नबीही त्या वर्षी एमसीसीकडून खेळला. अशा दौऱ्याचा हा दुसरा फायदा. ओळखपाळख होते. कोणीतरी बघतो, नाव लक्षात ठेवतो, पुढच्या वर्षी बोलावतो. ज्या देशाच्या बोर्डाकडे पैसा नाही, वशिला नाही, त्याच्या खेळाडूला दार असंच उघडतं.

दोन वर्षांनी जर्सी बेटावर

मे २००८. वर्ल्ड क्रिकेट लीगचा पाचवा विभाग, ठिकाण इंग्लिश खाडीतलं जर्सी बेट. वर्ल्डकपच्या शिडीची ही अगदी खालची पायरी. अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने यजमान जर्सीला ८० धावांत गुंडाळलं. सोपं वाटलं ना? पण ८१ धावा करताना त्यांचेही आठ गडी बाद झाले. दोन गडी राखून कसेबसे जिंकले. हवामान आणि खेळपट्टी इंग्लंडसारखीच. आधी अशा मातीवर सात सामने खेळलेले नसते तर त्या ८१ धावा झाल्या असत्या का? सिद्ध करता येणार नाही, पण मला तरी शंका वाटते. आणि तो सामना गेला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचं भराभर झालं. त्याच वर्षी टांझानियात चौथा विभाग जिंकला, जानेवारी २००९ मध्ये अर्जेंटिनात तिसरा. एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत पात्रता स्पर्धा झाली. वर्ल्डकपचं तिकीट हुकलं, पण एकदिवसीय दर्जा मिळाला, आणि त्या दर्जाच्या पहिल्याच सामन्यात स्कॉटलंडला ८९ धावांनी हरवलं. ऑगस्टमध्ये झिम्बाब्वे इलेव्हनविरुद्ध चार दिवसांचा सामना होता. त्यात नूर अली झदरानने प्रथम श्रेणीतल्या पदार्पणातच दोन्ही डावांत शतकं काढली.

या सगळ्यात एक नाव मागे पडतं. ताज मलिक, पेशावरच्या छावणीतून हा संघ बांधणारा प्रशिक्षक. त्याचे भाऊ हस्ती गुल आणि करीम सादिक संघात खेळायचे. जर्सी जिंकल्यावर त्याच्या जागी पाकिस्तानचा माजी गोलंदाज कबीर खान आला. संघाच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेलही. पण शिक्षक म्हणून मला ताज मलिकचं वाईट वाटतं. पहिलीला अक्षरं गिरवून घेणाऱ्या बाई दहावीच्या निकालाच्या फोटोत कधी नसतात.

पुढच्या प्रशिक्षकांत आपला एक माणूसही आहे. मुंबईचे लालचंद राजपूत २०१६ मध्ये अफगाणिस्तानचे प्रशिक्षक झाले आणि जून २०१७ मध्ये या देशाला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा तेच त्या जागी होते.

आपणही याच रस्त्याने आलो

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, छोट्या देशांचं हे असंच असतं. पण मग आपलं काय होतं?

हिंदुस्थानातून इंग्लंडला गेलेला पहिला संघ मुंबईच्या पारशांचा, १८८६ साली. २८ सामने खेळले, त्यातला एक जिंकला, १९ हरले. दोन वर्षांनी पारशी परत गेले आणि ३१ पैकी ८ जिंकून आले. १९११ मध्ये पहिल्यांदा सगळ्या जमातींचा मिळून अखिल भारतीय संघ पटियालाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेला. त्यात पारशी होते, हिंदू होते, अलीगढच्या कॉलेजात घडलेले मुसलमान खेळाडू होते. त्या संघाचा खरा हिरो पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करता करता गोलंदाजी शिकलेला पालवणकर बाळू. दलित म्हणून ज्याला चहा वेगळ्या भांड्यात मिळायचा त्याने इंग्लंडमध्ये शंभरावर बळी घेतले. संघ मात्र बहुतेक सामने हरला. काउंट्यांविरुद्ध प्रथम श्रेणीतले विजय दोनच, एक सॉमरसेटवर आणि दुसरा लिस्टरशरवर. हो, तेच लिस्टरशर ज्याच्या दुसऱ्या संघाला ९५ वर्षांनी अफगाणांनी हरवलं.

१९११ नंतर पहिली कसोटी खेळायला आपल्याला २१ वर्षं लागली. १९३२ च्या त्या दौऱ्यात भारत एकूण ३७ सामने खेळला आणि त्यात कसोटी फक्त एक. लॉर्ड्सवर मोहम्मद निसारने सुरुवातीलाच होम्स आणि सटक्लिफ यांच्या दांड्या उडवल्या, इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. कसोटीपर्यंत पोहोचताना निसारने काउंट्यांविरुद्ध किती षटकं टाकली असतील याचा विचार करा. हात त्या हवेला रुळला होता.

आता अफगाणिस्तानची पहिली कसोटी बघा. १४ जून २०१८, बंगळुरू. शिखर धवनने पहिल्या दिवशी उपाहारापूर्वीच शतक पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी अफगाणिस्तान १०९ आणि मग १०३, एकाच दिवसात दोनदा बाद. एक डाव आणि २६२ धावांनी पराभव, सामना दोन दिवसांत खलास. राशिद, नबी, मुजीब संघात असूनही. ट्वेंटी-२० लीगमध्ये नाव कमावलेल्या या खेळाडूंना मोठ्या संघाविरुद्ध लांबलचक खेळण्याची सवयच नव्हती. पूर्वी पाहुणा संघ कसोटीआधी आठवडेच्या आठवडे स्थानिक संघांशी खेळायचा. आता कॅलेंडरमध्ये जागा नाही. विमानातून उतरायचं, दोन दिवस नेट, की सामना. नवख्या देशाला हे जास्त महाग पडतं, कारण जुन्या देशांकडे घरी रणजी किंवा काउंटी असते. तरी नऊ महिन्यांत, मार्च २०१९ मध्ये, डेहराडूनला त्यांनी आयर्लंडला हरवून पहिली कसोटी जिंकली. डेहराडून हे तेव्हा त्यांचं 'घरचं' मैदान होतं! घर अजूनही परक्या गावातच.

हा जुना रस्ता अगदीच बंद झालेला नाही. २०२४ मध्ये नेपाळचा संघ आपल्या पालघर जिल्ह्याला लागूनच असलेल्या वापीला येऊन गुजरात आणि बडोद्याच्या संघांशी ट्वेंटी-२० सामने खेळून गेला. पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील.

आणि ज्यांना दौराच नाही

त्या मुलाला हे सगळं सांगितलं असतं तर त्याने आणखी एक प्रश्न नक्की विचारला असता. किंवा वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारला असता. यांची मुलींची टीम कुठाय?

नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाण बोर्डाने २५ महिला खेळाडूंना करार दिले होते. पुरुषांच्या भाषेत सांगायचं तर त्या तेव्हा साधारण २००१ च्या जागी उभ्या होत्या. पुढची पायरी होती दौरे. हरायचं, शिकायचं, परत जायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्ता बदलली आणि मुलींचा खेळ बंद झाला. मुलींच्या माध्यमिक शाळांनाही कुलूप लागलं. बहुतेक खेळाडू देश सोडून ऑस्ट्रेलियात पोहोचल्या, मेलबर्न आणि कॅनबरा इथे.

ज्यांनी स्वतः छावणीत, दुसऱ्याच्या मैदानावर खेळून देशाचं नाव मोठं केलं त्या पुरुष खेळाडूंचा दोष यात नाही. राशिद आणि नबी यांनी मुलींच्या शिक्षणावरच्या बंदीविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवलाय. आयसीसीच्या पूर्ण सदस्य देशाने महिला क्रिकेटही चालवावं अशी अपेक्षा असते. ऑस्ट्रेलियाने याच मुद्द्यावर अफगाण पुरुष संघाबरोबरच्या मालिका पुढे ढकलल्या, पण वर्ल्डकपमध्ये दोघे समोरासमोर खेळतात. हा तिढा मला सुटलेला दिसत नाही. पुरुषांवर बहिष्कार घातला तर नांगरहारच्या एखाद्या पोराचं स्वप्न जातं, आणि मुलीच्या हातात तरीही बॅट येत नाही. काहीच केलं नाही तर मुलींचा विसर पडतो. मला विचाराल तर पुरुषांना खेळू द्यावं, आणि मुलींसाठी वेगळा पैसा, वेगळे सामने ठेवावेत. त्यांचं बोर्ड त्यांना मान्य करत नसलं तरीही.

३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर या मुली पहिल्यांदा एकत्र मैदानात उतरल्या. कर्णधार नाहिदा सपन. समोरचा संघ 'क्रिकेट विदाउट बॉर्डर्स' या संस्थेचा. अफगाण मुली सामना हरल्या. एप्रिल २०२५ मध्ये आयसीसीने भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या बोर्डांबरोबर त्यांना मदत करण्यासाठी एक गट स्थापन करत असल्याचं जाहीर केलं.

जंक्शन ओव्हलच्या त्या सामन्यालाही दर्जा नव्हता. त्या दिवशी ज्या मुलीने सगळ्यात जास्त धावा काढल्या त्या तिच्या आकडेवारीत दिसणार नाहीत, जशा नबीच्या मुंबईतल्या दिसत नाहीत. नबीच्या संघाला मात्र त्यानंतर त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सात सामने मिळाले होते.